पत्र्यात काय आहे ते आम्हाला कळू द्या

प्रति,
मा. मंत्री, रसायने व खते मंत्रालय,
मा. मंत्री, पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय,
आणि रॉटरडॅम कराराच्या बैठकीला जाणारे भारताचे शिष्टमंडळ

विषय : क्रायसोटाइल (पांढऱ्या) ॲस्बेस्टॉसची नोंद कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात करण्यास भारताने विरोध करू नये याबाबत.

सन्माननीय महोदय / महोदया,

भारत आज ॲस्बेस्टॉसचा, म्हणजे खाणीतून निघणाऱ्या आणि कर्करोग घडवणाऱ्या धागेदार खनिजाचा, जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. दरवर्षी तीन लाख टनांहून अधिक माल प्रामुख्याने रशिया, ब्राझील आणि कझाकस्तानातून आपल्या बंदरांत उतरतो. त्यातला बहुतेक सगळा सिमेंटच्या पन्हळी पत्र्यांत जातो, आणि ते पत्रे आमच्या घरांवर, गोठ्यांवर, अंगणवाड्यांवर चढतात. जगात सर्वांत जास्त ॲस्बेस्टॉस विकत घेणारा हाच देश रॉटरडॅम कराराच्या जिनिव्हातल्या बैठकीत उभा राहून, या मालाच्या धोक्याची आगाऊ सूचना देण्याचं बंधन विकणाऱ्यांवर येऊ नये, अशा बाजूने मत देत आला आहे. ही भूमिका बदलावी, हे मागण्यासाठी मी लिहितो आहे.

मी रायगड जिल्ह्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरीतली बरीच वर्षं मी सिमेंटच्या पत्र्याखालच्या वर्गखोल्यांत शिकवलं. माझे कितीतरी विद्यार्थी आज गवंडीकाम करतात, पत्रे चढवतात, वायरिंगसाठी त्याच पत्र्यांना भोकं पाडतात. त्यांना कोणी कधी काही सांगितलेलं नाही. ग्रामपंचायतीने नाही, दुकानदाराने नाही, आणि पत्र्यावरच्या छापानेही नाही.

हा करार काय आहे ते आपल्याला माहीत आहे, पण पत्र खुलं असल्याने इतर वाचकांसाठी थोडक्यात लिहितो. रॉटरडॅम करार १९९८ मध्ये स्वीकारला गेला, २००४ मध्ये अमलात आला आणि २००५ मध्ये भारत त्यात सामील झाला. हा करार कशावरही बंदी घालत नाही. ज्या रसायनांचा धोका तपासून सिद्ध झाला आहे त्यांची नोंद तिसऱ्या परिशिष्टात होते. मग त्या पदार्थाची पूर्ण माहिती सगळ्या सदस्य देशांकडे जाते, प्रत्येक देश ‘हवा’, ‘नको’ किंवा ‘या अटींवर हवा’ असं कळवतो, आणि निर्यात करणाऱ्या देशाला त्या उत्तराचा मान राखावा लागतो. मालासोबत धोक्याची माहिती द्यावी लागते. ज्याला माल घ्यायचा आहे तो घेऊ शकतो. मात्र काय घेतो आहोत हे जाणून घ्यावं, एवढाच कराराचा आग्रह आहे.

ॲस्बेस्टॉसचे सहा प्रकार. त्यांतले पाच या परिशिष्टात केव्हाच नोंदले गेले. राहिला तो सहावा, क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा ॲस्बेस्टॉस. आज जगाच्या बाजारात जो ॲस्बेस्टॉस विकला जातो तो जवळजवळ सगळा हाच. धंदा ज्याचा चालू आहे तेवढा प्रकार यादीबाहेर आहे. कराराच्या तज्ज्ञ समितीने त्याची शिफारस केली, २००६ च्या बैठकीत तो विषय आला, आणि २०२५ च्या बैठकीपर्यंत तो अडलेलाच आहे. निर्णय एकमताने घ्यायचा असल्याने मूठभर देशांचा नकार पुरतो. रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तान, झिंबाब्वे यांच्या नकारामागचं कारण समजण्यासारखं आहे. काहींच्या खाणी आहेत, काहींचे शेजाऱ्यांशी व्यापाराचे घट्ट संबंध आहेत. भारताकडे विकायला काय आहे?

आणि भारताने कायम नकारच दिला असंही नाही. जून २०११ मध्ये जिनिव्हात आपल्या शिष्टमंडळाने नोंदीला पाठिंबा जाहीर केला होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हा वाट अडवली ती कॅनडाने. पुढच्याच वर्षी कॅनडाने आपण यापुढे विरोध करणार नाही असं सांगितलं, आणि २०१३ च्या बैठकीत भारत पुन्हा विरोधकांत जाऊन बसला. २०१५ आणि २०१७ मध्येही तेच. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ॲस्बेस्टॉसबद्दलचं विज्ञान बदललं नव्हतं. मग काय बदललं? हा निर्णय कोणी, कोणत्या टिपणाच्या आधारावर घेतला, हे या देशाच्या नागरिकांसमोर नीट मांडलं गेलेलं नाही. ते मांडावं, ही माझी पहिली विनंती.

कॅनडाचं उदाहरण पुढे नेतो, कारण या व्यापाराचा स्वभाव त्यातून कळतो. क्वेबेक प्रांतात ‘ॲस्बेस्टॉस’ याच नावाचं गाव होतं. तिथली जेफ्री खाण जगातल्या सर्वांत मोठ्या खाणींपैकी एक. स्वतःच्या देशात वापर नगण्य झाल्यावरही कॅनडा अनेक वर्षं हा माल भारतासारख्या देशांना विकत राहिला. त्याच काळात तिथे सरकारी इमारतींतून, अगदी संसदेच्या इमारतीतूनही, ॲस्बेस्टॉस काढण्यावर पैसा खर्च होत होता. पुढे खाणी बंद पडल्या, २०१८ च्या अखेरीस कॅनडाने बंदी आणली, आणि २०२० मध्ये त्या गावाच्या लोकांनी मतदान करून गावाचं नावच बदललं. आज ते व्हाल-दे-सूर्स आहे.

ब्राझीलची गोष्ट याहून दुखरी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसचं उत्खनन, विक्री, वापर सगळं घटनाबाह्य ठरवलं. पण गोयास राज्यात मिनासू इथे मोठी खाण आहे आणि त्या गावाचं पोट तिच्यावर आहे. म्हणून राज्याने २०१९ मध्ये कायदा केला : खणायचं, पण केवळ निर्यातीसाठी. ब्राझीलच्या माणसाच्या घरावर जे चढवायला तिथलं न्यायालय परवानगी देत नाही, ते जहाजात भरून बाहेर जातं, आणि त्याचा मोठा गिऱ्हाईक आपण आहोत. मिनासूच्या खाणकामगारांबद्दल मला राग नाही. त्यांना दुसरं काम हवं. पण दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने आपल्या माणसांना वाचवताना जी रेघ ओढली, तिच्या पलीकडे आमची माणसं उभी आहेत, हे आपण मान्य का करायचं?

रशियातलं सगळ्यात मोठं केंद्र उरल पर्वतातलं ॲस्बेस्ट शहर. तिथला उघडा खड्डा मैलोन् मैल लांब आणि तीनशे मीटरहून खोल आहे. १९७७ च्या सुमारास जगात वर्षाला सुमारे ४८ लाख टन ॲस्बेस्टॉस निघत होता. आज तो आकडा बारा-तेरा लाख टनांवर आला आहे. साठहून अधिक देशांनी दार बंद केलं : युरोपीय संघाने २००५ पासून, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीपासून, दक्षिण कोरियाने २००९ मध्ये, आपल्या शेजारच्या नेपाळनेही २०१५ मध्ये. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने क्रायसोटाइलवर बंदीचा नियम आणला. बाजार आक्रसत गेला तसतसा उरलेला माल उरलेल्या गिऱ्हाइकांकडे वळला. जगात आज जेवढा निघतो त्याचा चौथा हिस्सा तरी एकटा भारत घेतो. आपण खरेदी थांबवली तर हा धंदाच डळमळेल. एवढं मोठं गिऱ्हाईक असताना आपण विकणाऱ्याला एक साधी अट घालायला कचरतो, हे मला समजत नाही.

देशातल्या देशात तर आपण हा धोका केव्हाच मान्य केला आहे. १९८६ मध्ये केंद्र सरकारने ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं. झारखंडात चाईबासाजवळच्या रोरो डोंगरावरची खाण १९८३ मध्ये बंद झाली, पण खाणीचा कचरा उतारावर तसाच राहिला आणि वर्षानुवर्षं पावसाबरोबर खालच्या शेतांकडे येत राहिला. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं जपण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षं का? कारण ॲस्बेस्टॉसमुळे होणारा रोग दिसायला तितका वेळ घेतो. महाराष्ट्राचे राज्यसभा सदस्य विजय दर्डा यांनी २००९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आणि आयातीवर बंदी आणणारं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदीची मागणी मान्य केली नाही. तेव्हा आता जबाबदारी आपल्याच दोन मंत्रालयांच्या टेबलावर येऊन थांबते.

‘नियंत्रित वापर’ केला तर क्रायसोटाइल सुरक्षित आहे, असं उद्योगाचं म्हणणं असतं आणि आपल्या शिष्टमंडळाच्या भूमिकेतही ते ऐकू येतं. कारखान्याच्या भिंतीआड कदाचित काही प्रमाणात नियंत्रण शक्य असेल. ओल्या लगद्यात धागा मिसळतात, धूळ ओढून घेणारी यंत्रं असतात, तपासनीस येतात. पण पत्रा ट्रकमधून उतरला की नियंत्रण तिथे संपतं. आमच्याकडे काय होतं ते सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात वाड्याच्या वाड्या उघड्या पडल्या. कौलं फुटली, सिमेंटचे पत्रे उडून नारळी-पोफळीच्या बागांत जाऊन आपटले आणि त्यांचे तुकडे झाले. पाऊस तोंडावर होता. लोकांनी हाताने, घमेल्याने ते तुकडे गोळा केले, खराट्याने चुरा झाडला. पोरंही त्यात होती. नंतर नवे पत्रे आले आणि वाडीवाडीत ग्राइंडरचा आवाज सुरू झाला. पत्रा मापाचा कापायचा तर ग्राइंडर फिरतो, जे-हुकासाठी भोक हवं तर ड्रिल फिरतं, आणि खाली उभ्या माणसाच्या केसांवर, चहाच्या कपावर करडी भुकटी बसते. तोंडाला फार तर रुमाल. तोच सदरा अंगावर घेऊन माणूस घरी जातो आणि घरातली बाई तो झटकून धुते. फुटके तुकडे फेकून दिले जात नाहीत. ते परसातल्या कुंपणाला, न्हाणीच्या आडोशाला, कोंबड्यांच्या खुराड्याला लागतात, रस्त्यावरच्या खड्ड्यात भरले जातात. मुलं लंगडीच्या खेळात त्याची ठिकरी करतात. यातल्या कोणत्या टप्प्यावर कोणाचं नियंत्रण आहे, हे आपणच मला सांगावं.

भिंतीवर, छपरावर शांत बसलेला अखंड पत्रा लगेच कोणाला मारत नाही, हे मी जाणतो आणि गावात तसंच सांगतो. पत्र्यात आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉस असतो आणि सिमेंटने तो धरून ठेवलेला असतो. घाबरून कोणी छप्पर फोडायला निघू नये. त्यातच जास्त धोका आहे. पण पत्रा कापला, फोडला, घासला किंवा जुना होऊन त्याचा वरचा थर सुटू लागला की धागे हवेत येतात. हे धागे डोळ्यांना दिसत नाहीत, उभे चिरत अधिकाधिक बारीक होतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. ॲस्बेस्टोसिस म्हणजे फुप्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार, फुप्फुसाचा कर्करोग, आणि मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाभोवतीच्या पडद्याचा कर्करोग, हे त्याचे परिणाम. मेसोथेलिओमा दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था क्रायसोटाइलसह सगळ्या प्रकारांना माणसात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात ठेवते. कामावरच्या संपर्कामुळे जगात वर्षाला दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

‘मग आपल्याकडे रुग्ण कुठे आहेत?’ असा प्रश्न विचारला जातो. शोधले तिथे सापडले आहेत. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यात साधारण पाचातल्या एका कामगाराला ॲस्बेस्टोसिस निघाला. हे कारखान्याच्या हजेरीपटावरचे कामगार होते, म्हणून त्यांना शोधता आलं. पत्रे चढवणाऱ्याचा हजेरीपट कुठे असतो? तो आज म्हसळ्याला, उद्या माणगावला, परवा नवी मुंबईत. पंचवीस वर्षांनी त्याला दम लागू लागला की तालुक्याच्या दवाखान्यात त्याला क्षयाच्या गोळ्या किंवा दम्याचा पंप मिळतो. ‘पूर्वी काय काम करायचास?’ असं त्याला कोणी विचारत नाही. ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी घातली, तिथे मोजणी नीट होते, आणि तिथे अजूनही दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मेसोथेलिओमाने जातात. जपानात आमागासाकी शहरात २००५ मध्ये उघड झालं की कारखान्यात कधी पाऊलही न ठेवलेले, नुसते शेजारी राहणारे लोक या रोगाने मेले होते. आपल्याकडे आकडे कमी आहेत ते मोजत नसल्यामुळे. त्या रिकाम्या रकान्याचा पुरावा म्हणून वापर होऊ नये.

आता स्वस्त छपराचा मुद्दा. हा मी हलका मानत नाही, कारण ज्यांच्यासाठी लिहितो त्यांच्या खिशाचा तो प्रश्न आहे. कोकणात लोखंडी पत्रा खाऱ्या हवेने गंजतो, उन्हात तापतो, पावसात त्याखाली बोलणंही ऐकू येत नाही. कौलारू छप्पर दरवर्षी शाकारावं लागतं, माकडं कौलं फोडतात, आणि वाशा-रिपांचं लाकूड परवडत नाही. सिमेंटचा पत्रा एकदा चढवला की विसरून जाता येतं. म्हणून माणसं तो घेतात, आणि त्यांचं चुकत नाही. पण ॲस्बेस्टॉसशिवायही हाच पन्हळी पत्रा बनतो. सेल्युलोज आणि पीव्हीएसारखे कृत्रिम धागे सिमेंटला बांधून ठेवतात. युरोपात त्याच कारखान्यांनी हा बदल केला, आणि असे पत्रे भारतातही तयार होतात. बेंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या चटईपासून पन्हळी पत्रा विकसित केला आहे. बांबू तर आमच्या कोकणातल्याच सिंधुदुर्गात वाटेल तेवढा आहे. हे पर्याय आज थोडे महाग पडतात. तो फरक सरकारी घरकुल योजनेने आणि शाळा-अंगणवाडीच्या निविदांनी काही वर्षं उचलला तर मागणी वाढेल, आणि मागणी वाढली की दर उतरतील. आयात खुली ठेवून, धोक्याची सूचनाही न छापता, स्वस्तपणाचं श्रेय मात्र गरिबाच्या नावावर टाकणं बरोबर नाही.

मोठ्या देशांशी व्यापार बिघडेल अशी भीती असेल तर तीही समजू शकतो. श्रीलंकेने ॲस्बेस्टॉसची आयात थांबवायचं ठरवलं होतं. डिसेंबर २०१७ मध्ये एका खेपेत कीड सापडल्याचं कारण देऊन रशियाने श्रीलंकेच्या चहावर तात्पुरती बंदी आणली. थोड्याच दिवसांत श्रीलंकेने ॲस्बेस्टॉसवरचे निर्बंध मागे घेतले आणि चहाची वाट मोकळी झाली. श्रीलंका लहान देश आहे, चहावर त्याचं बरंच काही अवलंबून आहे. भारताची गोष्ट तशी नाही. आणि परिशिष्टातल्या नोंदीमुळे आयात एका दिवसानेही थांबत नाही, हे रशियाला सांगता येईल आणि आपल्या पत्रा उत्पादकांनाही.

तेव्हा मागणी स्पष्ट लिहितो. कराराच्या पुढच्या बैठकीत भारताने क्रायसोटाइलच्या नोंदीला पाठिंबा द्यावा, आणि ते शक्य नसेल तर निदान विरोध नोंदवू नये. आपली भूमिका बैठकीच्या आधी संकेतस्थळावर, हिंदी-इंग्रजीबरोबर राज्यांच्या भाषांतही, कारणांसह प्रसिद्ध करावी आणि तिच्यावर हरकती मागवाव्यात. किंमत, परकीय चलन, उद्योगातल्या नोकऱ्या, जी कारणं असतील ती लिहावीत. आम्ही वाचू आणि उत्तर देऊ.

बैठकीची वाट न पाहता करता येण्यासारखंही बरंच आहे. भारतीय मानक ब्यूरोने सुरक्षित हाताळणीची मानकं १९८० च्या दशकातच केली आहेत. ती पत्र्यापर्यंत पोहोचू द्या. प्रत्येक पत्र्यावर, ज्या राज्यात विकला जातो तिथल्या भाषेत, सहज पुसली न जाणारी सूचना हवी : यात ॲस्बेस्टॉस आहे, ग्राइंडरने कापू नका, कापायचाच असेल तर पाणी मारून हातकरवतीने कापा, चुरा कोरडा झाडू नका, कामाचे कपडे वेगळे धुवा. प्रत्येक दुकानात ॲस्बेस्टॉस असलेला आणि नसलेला पत्रा वेगळा ओळखता येईल असं चिन्ह हवं. वादळानंतर सरकारी मदतीतून छप्परदुरुस्ती होते तेव्हा फुटके पत्रे ओले करून, पिशव्यांत बांधून उचलण्याचं काम आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत घ्यावं. आणि सरकारी पैशातून होणाऱ्या नव्या शाळा-अंगणवाड्यांवर हा पत्रा यापुढे चढू नये. तिथे बसणाऱ्या मुलांपुढे अजून साठ-सत्तर वर्षं आहेत, म्हणजे या रोगाला लागणारा सगळा वेळ त्यांच्याजवळ आहे.

या पत्राची प्रत मी आमच्या मतदारसंघाच्या खासदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवत आहे. आपल्याकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ते आलं की ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
जिल्हा रायगड